घरातल्या वाइन सेलरच्या भिंती आणि लाकूडकाम: कुठलं फिनिश घ्यावं?

गारवा
मंडळी, जिन्याखालच्या खोलीत छोटं वाइन सेलर करायला घेतलंय. खोली लहान, एक दार, खिडकी नाही, दोन भिंती विटांच्या आणि दोन नवीन सांगाडा करून उभ्या करायच्या आहेत. कूलिंग युनिट ठरलंय, तापमान १२ ते १४ अंश आणि आर्द्रता ६० ते ७० टक्के ठेवायची असा विचार आहे. आता गाडी अडलीये ती फिनिशवर. भिंतींना गडद हिरवा रंग मनात आहे, पण नेहमीचा इमल्शन चालेल का ऑइल पेंट जास्त टिकेल? एक भिंत जुन्या खोक्यांच्या फळ्यांनी मढवायची फार इच्छा आहे. रॅक लाकडाचेच करायचेत पण लाकूड कोणतं आणि त्यावर पॉलिश मारायचं की कोरंच ठेवायचं यावर घरात दोन मतं आहेत. सुतार म्हणतोय मेलामाइन पॉलिश मारू, चकचकीत दिसेल आणि ओल पण लागणार नाही. ज्यांनी केलंय त्यांनी जरूर लिहा, बारीकसारीक तपशील असतील तर आणखी बरं.

लोणा
रंगाचं नंतर बघू, आधी सांगा भिंतीच्या आत काय आहे? इन्सुलेशन आणि व्हेपर बॅरियर (हवेतली वाफ अडवणारा पडदा) झालंय का?

विचारायचं कारण असं की बाहेर ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, साधारण २४ अंशांना येतो, आणि तुमच्या सेलरची आतली बाजू असणार १३ ला. म्हणजे बाहेरची दमट हवा भिंतीतून आत झिरपत आली की वाटेत कुठेतरी तिचं पाणी होणारच, आणि ते भिंतीच्या पोटात होणार, तुम्हाला दिसणार नाही. मग सहा महिन्यांनी रंगाला फुगे येतात, बोर्डाचा कागद काळा पडतो, आणि लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतात. रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

व्हेपर बॅरियर नेहमी गरम बाजूला, म्हणजे सेलरच्या बाबतीत इन्सुलेशनच्या बाहेरच्या अंगाला. साधारण ०.१५ मिमी जाडीची पॉलिथिन शीट, सांधे एकमेकांवर चढवून टेप मारलेले, छतालासुद्धा. नाहीतर क्लोज्ड सेल (बंद पोकळ्यांचा) स्प्रे फोम, तो दोन्ही कामं एकटा करतो. आतल्या बाजूला दुसरी प्लास्टिक शीट अजिबात लावू नका, आणि व्हिनाइल वॉलपेपर पण नको, कारण तो पण प्लास्टिकचा पडदाच आहे. दोन पडद्यांच्या मध्ये अडकलेलं पाणी सुकायला जागाच उरत नाही.

विटांच्या भिंतींवर पांढरी मिठं फुटलेली दिसतायत का ते पण बघा. एक सोपी तपासणी म्हणजे दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवायचं आणि किमान १६ तास तसंच ठेवायचं. काढल्यावर भिंतीकडच्या अंगाला पाण्याचे थेंब किंवा भिंतीवर काळपट ओल दिसली तर आधी ते पाणी कुठून येतंय ते शोधा. तोवर रंगाचे डबे उघडू नका.

गारवा
धन्यवाद, हे कोणीच सांगितलं नव्हतं. इन्सुलेशन व्हायचंय अजून, फोमचाच विचार आहे. मिठं दिसत नाहीत पण प्लास्टिकची तपासणी करून बघतो.

दरवळ
लोणा यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी वासाच्या बाजूने लिहितो कारण रसायनशास्त्र माझा रोजचा विषय आहे आणि सेलरच्या फिनिशमध्ये मला तोच सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो.

बैठकीच्या खोलीला रंग दिला की खिडक्या उघड्या टाकतो, पंखा लावतो, आठवड्याभरात वास जातो. सेलरमध्ये हे होतच नाही. आपण ती खोली मुद्दाम हवाबंद करतो, दाराला चारी बाजूंनी रबर लावतो, आणि कूलिंग युनिट तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत राहतं. त्यामुळे फिनिशमधून जे काही बाहेर पडेल ते तिथेच मुक्काम करतं. बुचं, पुठ्ठ्याची खोकी, लाकूड, सगळंच हवेतले वास ओढून घेतं.

म्हणून ऑइल पेंट बाद. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्या प्रक्रियेत अल्डिहाइड सोडत राहतो, तो तेलकट खवट वास तोच. शिवाय हा अल्किड रंग, म्हणजे नेहमीचा ऑइल पेंट, अंधारात पिवळा पडतो, आणि सेलर तर बाराही महिने अंधारातच असणार. मेलामाइन तर मुळीच नको. त्याचा हार्डनर आम्लाचा असतो आणि सुकताना आणि नंतरही फॉर्मल्डिहाइड निघत राहतं. दिसायला काचेसारखं दिसतं हे खरं, पण बंद खोलीत त्याला जागा नाही.

भिंतीसाठी पाण्यातला, शंभर टक्के अॅक्रिलिक, कमी किंवा शून्य व्हीओसीचा (व्हीओसी म्हणजे रंगातून हवेत उडणारी रसायनं) इंटीरियर रंग, बुरशीरोधक. बाथरूमसाठी जे मिळतात ते चांगले. पण बाहेरच्या भिंतींचा एक्स्टिरियर रंग आत मारू नका. "तो जास्त ओल सोसतो" म्हणून बरेच जण मारतात, पण त्यात बुरशीनाशकं जास्त असतात, घराच्या आत वापरायला तो बनवलेलाच नसतो.

आणि गडद हिरव्याबद्दल: डब्यावरचा शून्य व्हीओसीचा आकडा बऱ्याचदा बेसचा असतो, दुकानात मशीनमधून जो रंगद्रव्याचा डोस पडतो त्याचा त्यात हिशोब असेलच असं नाही. गडद शेडला डोस जास्त लागतो. तेव्हा रंगद्रव्य पण शून्य व्हीओसीचं आहे का हे स्पष्ट विचारा.

निळीशाई
गडद हिरवा छानच दिसतो पण मॅट घेऊ नका. गडद मॅटवर नखाचा ओरखडा, खोक्याचा कोपरा घासलेला, सगळं पांढरं उमटतं आणि पुसायला गेलं की तेवढाच भाग चमकायला लागतो. एगशेल किंवा सॅटिन, म्हणजे मंद चमकेचं फिनिश घ्या. ग्लॉस पण नको, दिवा लावला की पुट्टीतली प्रत्येक लाट दिसते. माझं मन मात्र चुन्याकडे ओढ घेतं. जुनी तळघरं वर्षानुवर्षं चुन्यानेच रंगवली जायची आणि ते उगाच नाही.

दरवळ
चुना उत्तमच. ताज्या चुन्याचा सामू १२ च्या वर असतो, त्यात बुरशी जगत नाही, आणि वास शून्य. फक्त हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचा पुन्हा चुनखडी होतो आणि तो तिखटपणा कमी होत जातो, म्हणून ठरावीक काळाने नवा हात द्यावा लागतो. पण चुना वीट, दगड किंवा चुन्याच्या गिलाव्यावरच धरतो. अॅक्रिलिक रंगावर किंवा जिप्समच्या कागदावर मारलात तर पापुद्रे निघतील.

असंच काहीसं पण जास्त टिकाऊ हवं असेल तर सिलिकेट रंग बघा. जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. तो भिंतीवर नुसता थर बनून बसत नाही, खनिजाशी रासायनिक जोड करतो, म्हणून सोलत नाही आणि भिंतीला श्वास घेऊ देतो.

लोणा
फक्त एक अडचण. विटांच्या भिंतीवर आतून फोम आणि बोर्ड येणार, मग वीट दिसणारच नाही, चुना मारणार कशावर? वीट उघडी ठेवायच्या मोहात इन्सुलेशन सोडू नका. विटांचा लूकच हवा असेल तर आतल्या बाजूला सिमेंट बोर्ड लावा आणि त्यावर विटांच्या पातळ चकत्या चिकटवा, मग चुना असो की सिलिकेट, निवांत मारा. साधा जिप्सम बोर्ड टाळा, त्याचा कागद म्हणजे बुरशीला आयतं जेवण. ओलरोधक बोर्ड घ्या, सांधे नीट भरा, प्रायमर मारा.

आणि चुना बोटाला लागतो हे लक्षात असू द्या, म्हणजे लेबलांनाही लागणार. रॅकच्या मागे किंवा छताला ठीक, बाटल्या जिथे घासतील तिथे नको.

रंधापटाशी
लाकडाचं मी सांगतो, हेच काम करतो.

लाकूड निवडताना आधी वास, मग कुजण्याला तोंड देण्याची ताकद, आणि दिसणं सगळ्यात शेवटी. देवदाराच्या जातीची वासाची लाकडं म्हणजे सीडर वगैरे नको, कपाटात कपड्यांसाठी तो वास गुणाचा असतो, इथे तोच अवगुण. कच्चं पाइन पण जपून, गाठींमधून राळ पाझरते. रेडवूड, महोगनी, सापेली, अक्रोड, ओक ही सगळी सेलरमध्ये चालणारी लाकडं. रेडवूडचा फक्त गाभा घ्या, बाहेरचं पांढरट लाकूड लवकर कुजतं. सागवान टिकाऊ आहे पण तेलकट आहे, फिनिश नीट धरत नाही, मारायच्या आधी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसून लगेच पहिला हात द्यावा लागतो. एमडीएफ आणि साधं प्लाय घेऊच नका, एमडीएफच्या कडा ओलीने फुगतात आणि युरिया फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाचा वास वेगळाच. प्लाय लागलंच तर फिनॉलिक गोंदाचं, मरीन दर्जाचं.

आता कोरं की पॉलिश. माझं स्पष्ट मत, गाभ्याचं चांगलं लाकूड असेल तर बाटलीच्या खाचा कोऱ्या ठेवलेल्या उत्तम. वास नाही, काही सोलत नाही. समोरच्या पट्ट्या, खांब, टेबलाचा माथा जिथे हात लागतो आणि वाइन सांडते तिथे पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेन), दोन ते तीन हात.

निळीशाई
पण कोरं लाकूड ओल पिऊन वाकडं होणार नाही का?

रंधापटाशी
फिनिश मारलं तरी पितंच. फिनिश ओलीचा वेग कमी करतं, तिला थांबवत नाही. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहतं, आणि कोरड्या, गरम केलेल्या खोलीत ठेवलेल्या लाकडात ६ ते ९ टक्के. म्हणजे कोरड्या जागेत बेतून घट्ट बसवलेला रॅक सेलरमध्ये गेल्यावर फुगणार. उपाय हा की लाकूड आधी तशाच हवेत मुरू द्यायचं, सांध्यात फुगायला जागा ठेवायची, आणि फिनिश मारायचंच असेल तर फळीला सहाही बाजूंनी सारखं मारायचं. समोरून तीन हात आणि मागून कोरं अशी फळी हमखास वाकते. डोक्याची बाजू, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, तिथे एक हात जास्त, कारण पाणी तिथूनच सगळ्यात भराभर शिरतं.

पाण्यातलं पीयू मारताना तंतू उभे राहतात. आधी ओल्या फडक्याने पुसून सुकू द्या, मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, मग पहिला हात. दोन हातांच्या मध्ये ३२० नंबर. स्टील वूल वापरू नका, त्याचे बारीक कण लाकडात अडकतात आणि पाण्याच्या फिनिशखाली गंजून तपकिरी ठिपके उमटतात. खिळे-स्क्रू पण स्टेनलेस किंवा पितळी. ओक आणि रेडवूडमध्ये टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, साधं लोखंड आणि ओल मिळाली की त्याभोवती निळसर काळा डाग पडतो तो लाकडात खोल जातो, घासून निघत नाही.

आणखी एक, रॅकवर भिंतीचा इमल्शन मारू नका. एका घरी दुरुस्तीला गेलो होतो, आधीच्या माणसाने भिंतीचाच रंग खाचांवर मारलेला. वर हात लावला तर कोरडा ठणठणीत, पण बाटली उचलली की चर्र आवाज करून सुटायची आणि लेबलाचा एक पापुद्रा रंगालाच चिकटून राहायचा, खाचेत अर्ध्या अक्षरांची रांग लागली होती. भिंतीच्या रंगाचा थर मऊ असतो, वजनाखाली महिनोन्महिने दाबला गेला की चिकटतो. रॅक रंगवायचाच असेल तर पाण्यातला अॅक्रिलिक युरेथेन इनॅमल घ्या, तो कडक होतो.

गारवा
वा, किती उपयोगाचं. सुताराला मेलामाइन नको म्हणून सांगितलं, तर तो म्हणतो मग लाखेचं फ्रेंच पॉलिश करू, ते तर नैसर्गिक आहे. आणि घरात बेल तेलाचा म्हणजे जवसाच्या तेलाचा आग्रह आहे, तेही नैसर्गिकच. यातलं काय?

दरवळ
लाखेचं पॉलिश वासाच्या दृष्टीने खरंच चांगलं, स्पिरिट उडून गेलं की मागे काही राहत नाही. पण दोन कमतरता. सततच्या ओलीत त्यावर पांढुरकी झाक येते, आणि ते अल्कोहोलमध्येच विरघळतं. वाइन सांडून तशीच राहिली तर डाग पडणार. सेलरमधल्या टेबलाला हे परवडत नाही. मेण काढलेली लाख खालचा थर म्हणून मात्र फार कामाची, रेडवूडमधलं लालसर टॅनिन ती वर झिरपू देत नाही आणि सागवानाच्या तेलालाही अडवते, वरून पाण्यातलं पीयू छान बसतं.

जवसाचं तेल नको. सुकायला खूप वेळ घेतं, खवट वास बराच काळ रेंगाळतो, आणि बुरशीला ते खाद्य म्हणून आवडतं. अंधार, ओल आणि थंडी, वर खाद्य. नैसर्गिक असलं म्हणून सेलरला योग्य असं नसतं.

गारवा
आणि खोक्यांच्या फळ्यांची भिंत? त्यावर अजून कोणी बोललं नाही. जुन्या फळ्या मिळतायत, कुठून आल्या ते नक्की माहीत नाही पण रंग इतका सुंदर मुरलाय.

दरवळ
यावर सविस्तर लिहितो कारण माझ्या मते सगळ्या धाग्यातला हाच सगळ्यात धोक्याचा प्रश्न आहे.

वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट तळघरासारखा वास येतो त्याला टीसीए म्हणजे ट्रायक्लोरोअॅनिसोल कारणीभूत असतं. लोकांना वाटतं हे फक्त बुचातून येतं. पण क्लोरीन असलेली फिनॉलची संयुगं आणि बुरशी एकत्र आली की ते लाकडातही तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढंसं पुरतं. याचा भाऊ टीबीए, त्यात क्लोरीनच्या जागी ब्रोमीन. पास्कल शातोने आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की बुचाचा काही दोष नसताना, सेलरमधल्या प्रक्रिया केलेल्या लाकडातून टीबीए हवेत पसरून वाइन बिघडू शकते. ट्रायब्रोमोफिनॉल लाकूड टिकवायला आणि आग रोखायला वापरलं जायचं, बुरशी त्याचं टीबीए करते.

तसंच पेंटाक्लोरोफिनॉल. एकेकाळी लाकडाला सर्रास मारायचे, २०१५ मध्ये ते घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. पण जुन्या फळीत ते अजून असू शकतं आणि नुसतं बघून कळत नाही. तेव्हा जिचा इतिहास माहीत नाही अशी जुनी फळी सेलरमध्ये नको. माल वाहणाऱ्या पॅलेटच्या फळ्या असतील तर त्यावर शिक्का असतो, एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेली, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडने. एमबी दिसलं की परत पाठवा. पण एचटी असली तरी त्या पॅलेटवर नंतर काय सांडलं हे शिक्का सांगत नाही.

याच कारणाने सेलरमध्ये ब्लीचने कधीही पुसू नका. क्लोरीन आणि लाकूड एकत्र आले की त्या साखळीची पहिली कडी तुम्हीच हातात देता. बुरशी दिसली तर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम परकार्बोनेट.

निळीशाई
बापरे, एवढं माहीत नव्हतं. मग गारवा, नवीन कोऱ्या फळ्या घेऊन त्यांना जुना रंग आणता येईल की. पाण्यातला स्टेन मिळतो. किंवा फक्त ज्या खोक्यांतून तुमच्या स्वतःच्या बाटल्या आल्या त्यांचे छाप असलेले दर्शनी भाग वापरा, दोन-चार जरी असले तरी शोभा येते.

गारवा
ओक्के, जुन्या फळ्या रद्द. मन थोडं खट्टू झालं पण पटलं. नवीन ओकच्या फळ्या आणि पाण्यातला स्टेन. आता वेळापत्रक कसं ठेवू? काम संपल्यावर बाटल्या कधी भरायच्या?

रंधापटाशी
जमेल तेवढं लाकूड बाहेर, हवेशीर जागी फिनिश करून मग आत बसवा. आत मारायचंच असेल तर कूलिंग चालू करायच्या आधी. पाण्यातली फिनिशं साध्या खोलीच्या तापमानाला नीट सुकतात, १३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत ती रखडतात. हाताला कोरडं लागलं म्हणजे झालं असं नाही, पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे धरून चला, गडद रंगाला त्याहून जास्तच. तेवढे दिवस दार सताड उघडं आणि पंखा चालू.

दरवळ
आणि नाकाने खात्री करा. त्याच लाकडाचा तुकडा घ्या, तेच फिनिश तेवढेच हात मारा, सुकल्यावर झाकणाच्या काचेच्या बरणीत ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत दोन दिवस बंद ठेवा. झाकण उघडून लगेच हुंगा, आणि शेजारी तसाच कोरा तुकडा दुसऱ्या बरणीत ठेवून त्याच्याशी ताडून बघा. फिनिशच्या बरणीला वेगळा वास येतोय तोवर सेलरही तयार नाही. भिंतीच्या रंगासाठी बोर्डाच्या तुकड्यावर हेच करा. ज्याने रंग दिला त्याने हुंगू नये, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी द्या, रंग देणाऱ्याचं नाक सरावलेलं असतं.

गारवा
बरणीचा प्रयोग आजच लावतो, दोन्ही लाकडांचे तुकडे पडलेत. शेवटचं एकच, दार. भरीव लाकडाचं करतोय, बाहेरून घरातल्या इतर दारांसारखं पॉलिश आणि आतून सेलरच्या रॅकसारखं कोरं ठेवलं तर चालेल ना?

रंधापटाशी
नाही, दाराला तर मुळीच नाही. त्याचं एक अंग १३ अंशांत, ७० टक्के ओलीत आणि दुसरं घराच्या हवेत, सगळ्या घरात सगळ्यात जास्त ओढाताण त्याच दाराची होते. दोन्ही अंगांना एकच फिनिश, तेवढेच हात. रंग वेगळा हवा असेल तर खालचा स्टेन वेगळा घ्या, वरचं पीयू तेच ठेवा. आणि बिजागऱ्या बसवायच्या आधी दाराची वरची आणि खालची कड आठवणीने रंगवून घ्या, बिजागऱ्यांच्या आणि कुलपाच्या खाचांत पण ब्रश फिरवा. दार एकदा टांगलं की खालच्या कडेला कोणी हात लावत नाही आणि ते फुगायला नेमकं तिथूनच सुरुवात होते, मग खालचं रबर नीट दाबलं जात नाही आणि युनिट दिवसरात्र चालत राहतं.